दात वाळेपर्यंत

“सात खर्रे बांधा. कडक,” असं म्हणून मधुवंतीनं ओढणी नाकापर्यंत ओढून घेतली.

आर्णी रोडवरच्या पानठेल्यावर भर सकाळी एखाद्या मुलीनं उभं राहावं, हेच मुळात माना वळवून बघण्यासारखं. त्यातून ही देवांची मधुवंती. वडील कलेक्टर ऑफिसातून निवृत्त झालेले, आणि घरात सुपारी यायची ती फक्त पूजेपुरती. ठेलेवाला मात्र ओळखीचं हसला.

“सुपारी भरडी ना, मॅडम? नेहमीसारखी?”

“भरडी. आणि तंबाखूत हात आखडू नका.”

मागे कुणीतरी ठसकलं. तिनं वळून पाहिलं. काखेत एक खोकं सांभाळत एक उंच तरुण उभा होता. नुकतीच कापसानं लदलेली गाडी रस्त्यावरून गेली होती आणि तिच्यातला एक पुंजका त्याच्या भुवईवर येऊन बसला होता. त्याला त्याचा पत्ताच नव्हता.

“मॅडम, एक सांगू? राग नका येऊ देऊ...” तो म्हणाला. “एवढा खर्रा एकट्यानं खाऊ नये माणसानं. दात जातात.”

मधुवंतीच्या ओठांवर हसू आलं, पण ते ओढणीआड होतं म्हणून वाचली. “एकटी नाही खात. आमच्याकडे बरण्या भरून लागतो.”

“बरण्या?”

“हो ना. सकाळी पाण्यात घातला की संध्याकाळपर्यंत छान मुरतो.”

त्याचे डोळे एवढे मोठे झाले की ठेलेवाल्यालाही हसू आवरेना. मग तोही हसला — पण हसता हसता त्याचा हात झटकन तोंडावर गेला. मधुवंतीची नजर त्या हाताच्या आधी पोचली होती. उजवीकडचा पुढचा दात. जुनी कॅप. हिरडीलगत काळसर कड. धंद्याची नजर, दुसरं काय! पण त्या हातामागे लपलेलं हसू फार चांगलं होतं, हे बघायला धंद्याची नजर लागत नव्हती.

“भुवईला कापूस लागलाय तुमच्या,” ती म्हणाली आणि पुडा पर्समध्ये टाकून चालू लागली.

आर्णी नाक्याजवळच्या इमारतीत खाली डॉक्टर गौरीचा दवाखाना आणि वर विमलताईंची डेंटल लॅब. गौरी मधुवंतीची शाळेपासूनची मैत्रीण. ती दात कोरायची आणि त्यावर बसणारी कॅप वर मधुवंती घडवायची. विमलताई पन्नाशी ओलांडलेल्या, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी एखाद्या नव्या मटेरिअलला हो म्हटलं की वर्धा-अमरावतीच्या लॅबा डोळे मिटून ते घेत. नाही म्हटलं, की विषय संपला.

मधुवंती जिना चढून आत आली तेव्हा विमलताईंसमोरच्या खुर्चीत तेच काखेतलं खोकं मांडीवर घेऊन तोच बसला होता. भुवई आता स्वच्छ होती.

“ये पोरी. हे नागपूरचे, नव्या सिरॅमिकवाले,” विमलताई म्हणाल्या. “बबलू राठोड.”

“कार्डावरसुद्धा बबलूच?” मधुवंतीच्या तोंडून निघून गेलं.

“शाळेत नाव टाकायले नेलं तवा गुरुजीनं विचारलं, पोराचं नाव काय. घरी जी हाक मारायचे तीच बापानं सांगून टाकली.” तो तिच्या पर्सकडे बघत होता. “तुम्ही... इथं काम करता?”

ती सरळ टेबलाशी गेली. सगळे खर्रे सोडले, एका काचेच्या बरणीत टाकले आणि वर कोमट पाणी ओतलं. शेजारी आणखी दोन बरण्या होत्या, एकीत काळा चहा आणि दुसरीत हळदीचं तेल. तिन्हींत पांढऱ्या सिरॅमिकच्या चकत्या बुडलेल्या, डाग धरतात का ते बघायला. बबलू खुर्चीतून उठून तिथं आला, वाकला, आणि बराच वेळ बरणीकडे पाहत राहिला.

“आमच्या इथं कॉफीत बुडवून पाह्यतो आम्ही,” तो हळूच म्हणाला. “पुस्तकात तसंच देलं आहे.”

“यवतमाळात कॉफी किती जण पितात?”

“अन् खर्रा...” त्यानं कपाळावर हात मारला. “बाप्पा! हे आम्हाले कोणालेच कसं नाही सुचलं?”

त्याच्या आवाजात लाज नव्हती, नुसतं कौतुक होतं, भाबडं आणि भरभरून. आपल्या बरण्यांकडे असं कुणी पाहील, असं मधुवंतीला कधी वाटलं नव्हतं. तिनं मान खाली घातली आणि उगीचच झाकण दोनदा फिरवलं.

बबलू आर्णीजवळच्या बंजारा तांड्यावरचा. इंजिनिअर झाला, दोन मित्रांना घेऊन नागपूरबाहेर एका शेडमध्ये स्वतःच सिरॅमिक बनवू लागला. परदेशातून येणाऱ्या सिरॅमिकच्या ठोकळ्यांइतकं मजबूत आणि इथल्या माणसाच्या खिशाला झेपेल असं काही करायचं, एवढीच जिद्द. आतापर्यंत जिथं गेला तिथं लोकांनी चहा पाजून परत पाठवलं होतं. विमलताईंचा होकार मिळाला तर भट्टी पेटती राहणार होती. नाही तर मित्र आपापल्या नोकरीला लागणार होते, हे त्यानं पहिल्याच दिवशी सरळ सांगितलं.

“मी काही दया-माया दाखवत नाही हो,” विमलताई म्हणाल्या.

“नकाच दाखवू, ताई. दयेवर बसवलेली कॅप पहिल्या चण्यालेच फुटन.”

मग परीक्षा सुरू झाल्या. तीन कंपन्यांचं सिरॅमिक, त्यातलं एक बबलूचं. खरं तर निकाल फोनवर सांगितला असता तरी चाललं असतं. पण दर परीक्षेला तो नागपूरहून एसटीनं यायचा, कधी बोरं, कधी शेतातल्या तुरीच्या ओल्या शेंगा घेऊन. शेंगा सोलता सोलता गौरी मधुवंतीकडे डोळे मिचकावून बघायची आणि मधुवंती सिरॅमिकच्या चकतीकडे फारच बारकाईनं बघायची.

दाबयंत्राखाली चकत्या फोडायच्या दिवशी तर गंमतच झाली. त्याच्या चकतीवर दाब वाढत चालला तसे त्यानं डोळे घट्ट मिटले. मधुवंतीनं काटा बघायचा, तर ती त्या मिटलेल्या पापण्याच बघत बसली. त्याची चकती तगली. दुसऱ्या एका कंपनीची कडकन फुटली. आता हा उड्या मारणार, असं तिला वाटलं. पण त्यानं ते तुकडे तळहातावर घेतले आणि भिंगातून पाहिले.

“हे बी कोणीतरी जीव लावून बनवलं असन,” तो म्हणाला. “फक्त भाजताना घाई झाली दिसते.”

त्या रात्री जेवताना आईनं, कुंदाताईंनी, विचारलं, “भाजीत मीठ कमी आहे का गं? गप्प का?” मीठ बरोबर होतं. मधुवंतीला तो तळहात आठवत होता आणि त्यावर अलगद ठेवलेले दुसऱ्याचे तुकडे.

बरण्यांचा निकाल लागला तोही त्याच्या बाजूनं. खर्ऱ्यातून काढलेल्या बाकीच्या चकत्या पिवळट पडल्या होत्या. त्याची पुसली तशी पांढरी निघाली.

“बरणीतलं झालं,” विमलताई म्हणाल्या. “आता तोंडातलं. पुढच्या दाताची कॅप बनवा, खऱ्या माणसाले बसवा. शेजारच्या दाताशी रंग जुळला तर हो. नाही तर नाही.”

“माह्याच तोंडात बसवा,” बबलू पटकन म्हणाला. मग थोडा अडखळला. “लहानपणी हापशीचा दांडा बसला होता तोंडावर... तवापासून ही जुनी कॅप आहे. फोटोत तोंड मिटूनच उभा राह्यतो मी.”

“हसतानासुद्धा,” मधुवंती म्हणाली.

“पाह्यलं तुम्ही?”

“पानठेल्यावरच.”

शेड घ्यायचे, म्हणजे दाताचा रंग हेरायचे, मधुवंतीचे नियम ठरलेले होते. उजेड उत्तरेच्या खिडकीचा. दात नुकताच जिभेनं भिजलेला. आणि सगळ्यात मोठा नियम असा की एका श्वासात बघायचं आणि नजर काढून घ्यायची. डोळा रेंगाळला की दमतो आणि मग त्याला सगळंच छान दिसायला लागतं, असं विमलताई सांगायच्या. मधुवंतीनं तो नियम कधी मोडला नव्हता. तिचा शेड चुकला, असं गावातल्या एकाही डॉक्टरनं कधी म्हटलं नव्हतं.

तिनं त्याला खिडकीशी बसवलं आणि ओठ बाजूला धरून ठेवणारी प्लॅस्टिकची कडी त्याच्या तोंडात लावली. बिचाऱ्याला बोलता येईना. नुसते डोळे तेवढे बोलत होते.

“फार हसू येतंय का?” तिनं विचारलं.

“हं... हं,” तो म्हणाला.

कुणी बोलू शकत नसलं की आपल्याला बोलायला किती सोपं जातं! शेडच्या पट्ट्या हातातच राहिल्या आणि मधुवंती बोलत सुटली. आईच्या साड्यांना मॅचिंग फॉल आणायला लहानपणी तिलाच पाठवायचे. ती फॉल घेऊन दुकानाच्या बाहेर रस्त्यावर यायची, उन्हात धरून बघायची आणि परत आत जाऊन दुसरा मागायची. दुकानदार वैतागायचा. बाबांना वाटायचं, हिनं बँकेच्या परीक्षा द्याव्यात. पण हिला रंगच दिसायचे.

“आणि गंमत बघा,” ती म्हणाली. “माझं काम चांगलं झालं ना, की ते कुणाला दिसतच नाही. कॅप आहे हे कळलं, तर मी नापास.”

तो ऐकत होता. असं ऐकत होता की जणू यवतमाळातली सगळी वाहनं बंद पडली आहेत. खिडकीतून हिवाळ्याचं मऊ ऊन समोरच्या भिंतीवर आलं होतं आणि तिथून सरकतही गेलं. त्याच्या उजव्या डोळ्याखाली एक बारीक तीळ होता, तो तिला आज दिसला. पापण्या सरळ होत्या. मग एकदम तिला आपल्या हातातल्या पट्ट्या आठवल्या. तिनं घाईनं एक पट्टी कॅपशेजारच्या दाताशी धरली, जुळली, आणि कडी काढून घेतली.

“झालं?” त्यानं जबडा चोळत विचारलं.

“झालं.”

तो उठला, दारापर्यंत गेला आणि थांबला. “मॅडम... तुमचं काम कोणाले दिसत नाही म्हणता ना?” तो वळला. “मले दिसते.”

गौरीनं जुनी कॅप काढून तात्पुरती बसवली, आणि नवी मधुवंतीनं जीव ओतून बनवली. कडेला किंचित निळसर झाक आणि मध्ये दुधाळ रंग. ती भट्टीतून निघाली तेव्हा विमलताईंनी चष्मा वर ढकलून पाहिलं आणि “हं!” एवढंच म्हटलं. ते त्यांचं सगळ्यात मोठं कौतुक होतं.

आणि ती बसवली, तेव्हा सगळ्यांचेच चेहरे पडले.

खाली दवाखान्यात गौरीनं अजून ती चिकटवलीही नव्हती, नुसती लावून पाहिली होती. पण शेजारच्या दातापुढे ती कॅप चुन्याचं बोट लावल्यासारखी पांढरी दिसत होती. बबलूनं आरशात पाहिलं आणि त्याचा हात आपसूक तोंडावर गेला.

“भट्टीत रंग उडते या सिरॅमिकचा,” विमलताई म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटलं होतं, पण त्या विमलताई होत्या. “नाही जमणार, राठोड.”

“बरोबर आहे तुमचं, ताई,” तो शांतपणे म्हणाला. कुणालाही दोष दिला नाही. गौरीनं तात्पुरती कॅप पुन्हा बसवून दिली, त्यानं खोकं उचललं आणि मधुवंतीकडे बघून नुसती मान हलवली. “येतो.”

तो दवाखान्यातून बाहेर पडला. मधुवंती ती कॅप हातात घेऊन वर लॅबच्या खिडकीशी उभी राहिली. डोळ्यांत पाणी येत होतं, तरी सवयीनं तिनं शेडची पट्टी काढली, त्या दिवशी जुळलेली तीच, आणि कॅपशेजारी धरली.

तंतोतंत जुळली.

ती दचकली. म्हणजे भट्टीत रंग उडालाच नव्हता! सिरॅमिकनं दिलेला रंग जसाच्या तसा धरला होता. चुकली होती ती पट्टीच. आणि पट्टी चुकली कशी...? नदीतला गोटा ओला असतो तोवर रंगीत दिसतो, काठावर वाळला की पांढरट होतो. दाताचंही तसंच असतं. ओठ उघडे राहिले आणि दात वाळला की तो फिका दिसायला लागतो. लॅबमध्ये आलेल्या नव्या मुलीलाही हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. त्या दिवशी ती बोलत राहिली होती, बघत राहिली होती. आणि त्याचा दात वाळला होता!

मधुवंती चपला न घालताच जिना उतरली. तो नाक्यावर ऑटोला हात करत होता.

“राठोड! वर चला.”

“काहून? काय झालं?”

“तोंड उघडायचंय तुमचं,” ती धापा टाकत म्हणाली. ऑटोवाला दोघांकडे बघतच राहिला.

विमलताईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. “कंपनीवाल्याची बाजू घेऊन राह्यली तू.”

“नाही, ताई. चूक त्यांच्या मटेरिअलची नाही, माझी आहे. मी दात वाळू दिला.”

“तू? खोटं बोलू नको. इतकी वर्षं झाली, तुह्या हातून दात वाळला नाही कधी.” त्यांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. “किती वेळ पाहत होती?”

मधुवंतीनं हातातली पट्टी उगीचच ओढणीला पुसली. गौरी जिन्यातून वर आली होती, ती दारातच थबकली.

“तोंडानं सांगून नाही चालणार,” विमलताई म्हणाल्या. “इथं टेस्ट करून दाखवतात. बसव त्याले तिथंच.”

पुन्हा तीच खिडकी आणि तीच कडी. बबलूनं दातावरून जीभ फिरवली आणि मधुवंतीनं पट्टी धरली. ओल्या दाताला एक शेड गडद पट्टी जुळली. विमलताईंनी स्वतः वाकून खात्री केली. आता दात फिका पडायची वाट बघायची होती.

सगळे थांबले. दात काही बदलेना.

विमलताईंनी गॅसवर चहाचं आधण ठेवलं. ते उकळलं. चहा गाळला, गौरीला दिला, स्वतः घेतला. दात होता तसाच. मधुवंतीच्या कानाच्या पाळ्या तापायला लागल्या. गौरीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग मधुवंतीकडे, मग पुन्हा घड्याळाकडे.

“अजून नाही?” तिनं अगदी निरागसपणे विचारलं.

“...नाही.”

कप विसळून झाले. जितका वेळ जात होता तितकं मधुवंतीचं गुपित सगळ्यांसमोर उघडं पडत होतं. तिला खिडकीतून उडी टाकावीशी वाटत होती. पण नजर काढली तर परीक्षा मोडली असती. म्हणून ती बघत राहिली, त्याच्या दाताकडे, आणि दाताच्या वर त्या दोन डोळ्यांकडे. ते आता हसत नव्हते. त्यांना कळत चाललं होतं.

अखेर दाताच्या कडेला एक फिकट ठिपका उमटला आणि हळूहळू पसरला. मधुवंतीनं पट्टी धरली. तीच, त्या दिवशीची पट्टी जुळली. मग तिनं ती बनवलेली कॅप शेजारी धरली. कुठली कॅप आणि कुठला दात, काही कळेना.

“इतका वेळ!” विमलताई म्हणाल्या. “माय वो! एवढ्यात तर मले पाह्यले आलेले पाहुणे पोहे खाऊन, लग्न ठरवून घरी गेलते!”

गौरी हसत सुटली. विमलताईंनी टेबलावर हात आपटला. “मटेरिअल पास. पोरगी नापास. आता शेड मी घेईन, हिच्यावर भरवसा नाही.”

बबलूनं कडी स्वतःच काढली. गाल लाल झाले होते, जबडा दुखत असावा. पण तो मधुवंतीकडेच बघत होता.

“मॅडम...” तो म्हणाला. “त्या दिवशी मले वाटलं, मीच पाहून राह्यलो.”

नवी कॅप बसली त्या दिवशी तो खाली आरशासमोर हसला आणि हात खालीच राहिला. मग वर आला. विमलताईंनी एका श्वासात पाहिलं, मान डोलावली आणि “खाली गौरीकडं काम आहे,” असं म्हणून निघून गेल्या. गौरीकडं त्यांचं काहीही काम नव्हतं.

खिडकीशी दोघंच उरले.

“तांड्यावर याडीले, आईले फोन केलता,” बबलू म्हणाला. “म्हणली, दात चांगला झाला असन तर दात बनवणारीले घेऊन ये.”

“आणि तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, तिले विचारून सांगतो.”

मधुवंती पट्ट्या लावून ठेवत होती. त्या कधीच्या लागल्या होत्या, तरी लावत होती. “आमच्या बाबांना समजवायला वेळ लागेल... जातपात, तांडा, सगळं निघेल. सोपं नाही ते.”

“लागू द्या वेळ. माह्या मालाले खर्ऱ्यात बुडवून पाह्यलं तुम्ही, मले बी बुडवून पाहा. किती बी दिवस ठेवा. रंग नाही बदलत.”

तिनं वर पाहिलं. “मला तुम्ही फार आवडता, राठोड,” ती म्हणाली. “आणि बाबांना खर्ऱ्याचं सांगू नका. लेक पानठेल्यावर जाते हे कळलं तर लग्नाचं राहील बाजूला.”

तो खळखळून हसला, अगदी तोंडभर, दोन्ही पुढचे दात उजेडात. किती देखणं हसू! आणि ते तिच्या हातून पुरं झालं होतं.

“आता पाह्यचं काम संपलं का मग?” त्यानं विचारलं.

“कामाचं संपलं,” ती म्हणाली, आणि बघत राहिली.

तोही हसू न मिटता तसाच उभा राहिला. खाली रस्त्यावरून कापसाची एक गाडी गेली. थोड्या वेळानं त्याचा डावा दात हळूहळू फिका पडायला लागला. शेजारची कॅप मात्र आपला रंग धरून होती. मधुवंतीला ते दिसलं, तरी तिनं नजर काढली नाही.